एक सोडलेली पिकअप, एक घेतलेली

२०२४ च्या मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी बघून आलो. २०१४ ची, दीड टनी, इंजिन अजून खोललेलं नाही. तीन चाळीस सांगतायत, तीन दहाला देतील. तुम्ही फक्त एकदा आवाज ऐका."

नाशिकच्या गिरणाऱ्याजवळ त्याची दोन एकर टोमॅटोची शेती. हंगामात भाड्याच्या गाडीला पैसा जातो तो जातोच, वर ज्या दिवशी भाव असतो त्याच दिवशी गाडी मिळत नाही. ऑगस्टच्या आत त्याला स्वतःची पिकअप हवी होती. माल बहुतेक पिंपळगाव बसवंतला, पण कधी सावळघाटातून पेठमार्गे गुजरातकडे, कधी कसारा उतरून वाशीला. म्हणजे गाडी कुठलीही घेतली तरी ती भरलेली असताना घाट उतरणार, आणि स्टिअरिंगवर माझ्या बहिणीचा मुलगा असणार. हे सगळं प्रकरण मी याच नजरेनं पाहिलं.

पेठ रोडवर मी २२ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय. जुनी पिकअप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बॉनेट उघडतं, रेस देतं, आवाजावर मान डोलावतं आणि बयाणा देऊन मोकळं होतं. गाडीखाली कुणी शिरत नाही. माझं मत असं, की पिकअप किती किलोमीटर चालली यापेक्षा तिनं आजवर काय वाहिलं ते आधी शोधावं. इंजिनचं दुखणं पैशानं मिटतं. द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंत सामानही मिळतं आणि जाणते हातही. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं, दुखणं पैसे मोजूनही पुरतं मिटत नाही.

पहिली गाडी

गाडी निफाड तालुक्यातल्या एका गावात होती. मालक मोकळ्या स्वभावाचे, चहा झाल्याशिवाय गाडीकडे जाऊ देईनात. गाडी फक्त द्राक्षाच्या क्रेटला चालली, असं त्यांनी दोनदा सांगितलं. जाता जाता मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. "सकाळी जरा पाणी आणायला काढली होती." असेलही. पण गरम झालेलं डिझेल इंजिन कुठलंही बरंच वाजतं, त्याची खरी परीक्षा रात्रभर उभं राहिल्यानंतरची. उद्या सहाला येतो, तोवर चावी लावू नका, एवढं सांगून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी बॉनेट थंडगार होतं. भाच्याला आत बसवलं आणि मी मागे सायलेन्सरपाशी उभा राहिलो, कारण चालवणाऱ्याला धूर दिसत नाही. तीन-चार सेकंद स्टार्टर फिरला, इंजिनानं पकडलं, पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास होता. थंड इंजिनात थोडं डिझेल न जळता बाहेर पडतं, त्याचं मला काही वाटत नाही. तोच पांढरा धूर गरम झाल्यावरही येत राहिला आणि वास गोडसर असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडते: एअर फिल्टर चोक झालाय, टर्बोचा पाइप फाटलाय, नाहीतर डिझेल फवारणारं नोजल जास्त सोडतंय. काळ्या धुराला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि पुष्कळदा तोच सगळ्यात स्वस्तात जातो.

मग ऑइलची टोपी काढून, उलटी करून तशीच तोंडावर ठेवली. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले की जळलेला वायू पिस्टनच्या कडेनं खाली उतरतो आणि या तोंडातून भकाभका बाहेर येतो. टोपी नाचत नाचत उडून पडते. इथे ती जराशी हलली. दहा वर्षांच्या गाडीला एवढं माफ.

डिपस्टिक ओढली तर तेल सोनेरी. भाच्याचा चेहरा खुलला, माझा उतरला. डिझेल इंजिनचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीनं काळं पडतं, काळं तेल हा दोष नव्हेच. विकायच्या तोंडावर भरलेलं, बोटांत तार धरणारं जाड तेल मात्र शंका आणतं. त्यानं आवाजही दबतो आणि धूरही. तेलाची खरी वाईट लक्षणं दोन: दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी मिसळलंय, आणि पातळ होऊन खुणेच्या वर चढलेलं, डिझेलचा वास मारणारं.

रेडिएटरची टोपी थंड गाडीचीच उघडायची, गरम असताना उघडली तर वाफ तोंडावर येते. आत विटकरी रंगाचं पाणी. कूलंटचा पत्ता नाही, नुसतं बोअरचं पाणी. जड पाण्यानं पातेल्याला जसा पांढरा थर धरतो, तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, पाण्याच्या वाटांत धरतो. सपाटीवर त्याचं काही कळत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला पंधरा मिनिटं पूर्ण जोर लागला की काटा चढायला लागतो, आणि वेळेवर थांबलं नाही तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. या इंजिनचं गॅस्केट शाबूत होतं. टोपी उघडी ठेवून रेस दिली, तर पाण्यात बुडबुडे आले नाहीत.

गाडी चालवायला घेतली. वीस मिनिटं झाली तरी तापमानाचा काटा खालच्या रेघेवरून हलेना. "बघा मामा, गरमच होत नाही," भाचा म्हणाला. मला त्यात वेगळं दिसत होतं. गाडी तापायला लागली की रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रोखून धरतो तो) काढून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मग इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त पितं, लायनर लवकर झिजवतं. हाउसिंग उघडून बघितलं, थर्मोस्टॅट नव्हताच. गाडी कधीतरी तापत होती, याची ती खूण.

क्लच ठीक होता: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला पाय सोडला, इंजिन लगेच बंद पडलं. घसरत असता तर चालूच राहिलं असतं. गिअर टाकून गाडी उचलताना खालून एक 'टक' यायचा, तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, फार मोठा खर्च नाही. इथवरच्या दुखण्यांची बेरीज मी मनातल्या मनात चाळीस हजार धरली होती.

गाडीखाली

गाडी धुण्याच्या रॅम्पवर चढवू द्यायला मालकांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

खाली शिरून मी आधी चेसिसच्या मागच्या आडव्या चॅनलच्या आत बोट फिरवलं. बोटाला वाळू लागली. बारीक, नदीची, ओली होऊन घट्ट बसलेली. द्राक्षाच्या मळ्यातली काळी माती चिकट असते, तिचं ढेकूळ होतं. ती अशी दाणेदार नसते. चॅनलच्या आत वाळूचा थर तेव्हाच बसतो, जेव्हा हौद्यातली ओली वाळू महिनोन्महिने खाली पाझरत राहते. आणि वाळू काट्यावर तोलून कुणी भरत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साडेचार टनांच्या घरात. अर्धा ब्रास टाकला तरी दीड टनी गाडीवर सव्वादोन टन झाले.

मग पाटे, म्हणजे मागच्या ॲक्सलवर हौद्याचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजले. एका बाजूला दहा. त्यातल्या तिघांचा गंज वेगळा, क्लॅम्प नवे, यू-बोल्ट लांब घातलेले. पाटे वाढवणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्यात काही चुकतं असं कुणाला वाटत नाही. उलट "डबल पाट्याची गाडी" हे विकताना कौतुकानं सांगतात. म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

अशा बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवरून एक बारीक दांडी चेसिसवरच्या एका व्हॉल्वला जोडलेली असते. त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व म्हणतात. गाडी भरली की हौदा खाली बसतो, दांडी सरकते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असताना तोच व्हॉल्व मागचं प्रेशर रोखतो, कारण हलकी झालेली मागची चाकं पटकन लॉक होतात आणि गाडी शेपूट फिरवते. आता पाटे वाढवले की दोन टन भरूनही हौदा पुरेसा बसत नाही. दांडी जागची हलत नाही. व्हॉल्वच्या हिशेबानं गाडी रिकामीच, म्हणून तो मागच्या ब्रेकचं प्रेशर दाबून ठेवतो, आणि दोन टनांची गाडी एकट्या पुढच्या ब्रेकवर थांबायला बघते. गावातल्या रस्त्यावर पेडल नेहमीसारखं लागतं. उतारावर मात्र पुढचे पॅड तापत जातात, आणि चार-पाच वळणांनंतर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. मग सगळे म्हणतात, ब्रेक फेल झाला.

या गाडीची ती दांडी तारेनं बांधून ठेवलेली होती.

उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ होता. ड्रम काढला, ब्रेक लायनर गिअर ऑइलनं भिजलेले. ऑइल सील गेलं हे खरं, पण ते का गेलं ते बघायला मी ॲक्सलच्या वरचा ब्रीदर शोधला. एवढीशी टोपी असते. ॲक्सल तापल्यावर आतली हवा फुगते, तिला तिथून वाट मिळते. ती टोपी चिखलानं बुजलेली होती. वाट बंद झाली की आतलं प्रेशर सील ढकलतं आणि तेल ब्रेकवर उतरतं. नुसतं सील बदलणारा मिस्त्री सहा महिन्यांनी तेच सील पुन्हा बदलतो.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. जादा पाटे काढता आले असते, व्हॉल्व नवा बसला असता. गाडी सोडायचं कारण डाव्या मागच्या पाट्याच्या हँगरपाशी, म्हणजे पाटा चेसिसला जिथे अडकवलेला असतो तिथे, सापडलं. तिथला काळा रंग आजूबाजूपेक्षा ताजा होता. वायर ब्रश मारला, तर खाली सहा इंची पट्टी वेल्ड केलेली. चेसिसला पट्टी मारली की वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडालगतच्या पत्र्याचा गुण बदलतो, आणि भार घेताना जो ताण लांबीभर वाटला जायचा तो पट्टीच्या टोकाशी गोळा होतो. पुढचा तडा तिथूनच निघतो. बॅटरीचा उजेड तिरपा धरला तेव्हा पट्टीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. नखाला अडकली. तडाच होता.

खात्रीसाठी गाडी सिमेंटच्या ओट्यावर घेतली, चेसिसच्या चार ठरावीक बोल्टांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजले. १८ मिलिमीटरचा फरक. चौकट सरळ असती तर दोन्ही मापं जवळपास सारखी आली असती. पुढचे टायर आतल्या कडेनं का खाल्ले होते, त्याचं उत्तर तिथे मिळालं. ते टायर तसे फार जुनेही नव्हते. बाजूवर ३२२२ असा शिक्का होता, म्हणजे २०२२ च्या ३२ व्या आठवड्यातले.

परतताना वजनकाट्यावर रिकामी गाडी चढवली. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन १६९५ किलो होतं, काट्यावर १८८० भरलं. जादा पाटे, हौद्याला आतून मारलेले अँगल, पुढचा लोखंडी बंपर, मिळून १८५ किलो. भाच्याला मी ते क्रेटमध्ये सांगितलं, कारण त्याला ती भाषा लगेच कळते. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, रिकाम्या क्रेटचं वजन धरून पावणेबावीस धरू. दीड टनात ६९ क्रेट बसतात. ही गाडी त्यातले साडेआठ क्रेट स्वतःच्या अंगावर घेऊन फिरत होती. आपल्याकडे ११०-१२० क्रेट भरतात, म्हणजे अडीच टनांच्या आसपास. तसं भरायचं असेल तर माझ्याकडे गाडी तपासायला आणूच नकोस, हेही त्याच दिवशी त्याला बजावलं.

मालकांना मी तडा दाखवला. ते गप्प झाले. वाळूचं काम आधीच्या मालकाकडे झालं असेल, म्हणाले, आणि ते खरंही असू शकतं. आरसीवर ते दुसरे मालक होते. भाचा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. रात्री ताईचा फोन आला, पोरगं जेवलं नाही म्हणून.

दुसरी गाडी

जूनमध्ये सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याची पिकअप कळली. २०१२ ची, म्हणजे दोन वर्षांनी आणखी जुनी. पुठ्ठ्याची खोकी वाहायची, सातपूर ते अंबड आणि परत. भाच्यानं ती चालू केली आणि माझ्याकडे बघितलं. निळा धूर, टॅपेटचा खडखडाट, ऑइलची टोपी उलटी ठेवली तर उडून खाली पडली. इंजिन संपलेलं होतं, त्यात शंकाच नव्हती. रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरमच होत नाही, त्यानं झीज वाढते.

मी खाली शिरलो. पाटे कंपनीचे, तेवढेच. दांडी जागेवर, हातानं मोकळी हलत होती. चेसिसवर मूळचा रंग, वरवरचा गंज, वेल्डिंग कुठेच नाही. हातोडीनं जागोजागी ठोकलं, सगळीकडे सारखा खणखणीत आवाज. कर्णांत तीन मिलिमीटरचा फरक. काट्यावर आरसीपेक्षा २० किलो जास्त. पुठ्ठ्याची खोकी गच्च भरली तरी पाऊण टनाच्या वर जात नाहीत, आणि ते त्या गाडीच्या अंगावर दिसत होतं. हौद्याचा तळ तेवढा सडला होता.

२ लाख ५ हजाराला ठरली. आरसीवर कर्जाचा बोजा तसाच होता, म्हणून तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं एनओसी हातात पडेपर्यंत पैसे दिले नाहीत. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला, आरसीशी जुळवला. एम-परिवहन ॲपवर फिटनेस, विमा आणि थकलेली चलनं पाहिली; दोन चलनं निघाली, ती विकणाऱ्यांनी भरली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं आणि तेव्हाच्या नियमानं १५ वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढायची, हेही भाच्यापुढे मांडलं. म्हणजे २०२७ नंतरचा खर्च त्यानं आजच धरायचा.

इंजिन उतरवलं. लायनर वरच्या बाजूला झिजून पायरी पडली होती, रिंगा सैल, दोन नोजल गळकी. हेडवर सरळ पट्टी ठेवून फट मोजायचा फिलर गेज घातला, ते सपाट होतं. क्रँक मापात निघाला, नुसत्या बेअरिंग बदलून भागलं. लायनर-पिस्टन सेट, बेअरिंग, हेडचं काम, पंपवाल्याकडून इंजिनचा डिझेल पंप आणि नोजलचं कॅलिब्रेशन, क्लच प्लेट, नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट, मजुरीसह ९४ हजार. हौद्याचा तळ ११ हजार. एकूण ३ लाख १० हजार. भाच्यानं वहीत आकडा लिहिला आणि म्हणाला, "मामा, तेवढेच की." पहिल्या गाडीची नुसती किंमत तेवढी झाली असती.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली, तीही सांगायला हवी. डिझेलची टाकी मी उतरवून धुतली नाही. कमी डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत पावसाळ्यात ओल धरते, पाणी तळाला बसतं, पत्रा गंजतो. सप्टेंबरमध्ये सावळघाट चढताना गाडी गचके देऊन बंद पडली. टाकीतला गंज येऊन फिल्टर बुजला होता. ४० क्रेट माल, रात्रीचे साडेदहा, पाऊस. मी नवा फिल्टर घेऊन पोचेपर्यंत भाचा मोबाइलचा दिवा लावून मागच्या चाकाला दगड लावून उभा होता. तेव्हापासून मी जुन्या गाडीची टाकी धुतल्याशिवाय नव्या नोजलवर तिला चालू करत नाही.

आता तिसरा हंगाम संपत आलाय. भाचा ६८ क्रेटच्या वर भरत नाही, आणि दर रविवारी ॲक्सलचा ब्रीदर पुसतो. पुढचे पॅड गेल्या महिन्यात बदलले, मागचे ब्रेक लायनरही बरोबरीनं झिजलेले निघाले. ते बघून मला बरं वाटलं, कारण मागचे ब्रेक आपला वाटा उचलतायत.

परवा त्याचा फोन होता. उतारावर पाय काढला की दुसरा गिअर मध्येच सुटतो, दोनदा झालं. टोमॅटो संपेपर्यंत चालेल का, असं त्यानं विचारलं. भरल्या गाडीचा गिअर घाटात सुटला तर इंजिनचा आधार जातो आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. गाडी सोमवारी सकाळी माझ्याकडे येतेय, आणि तोवरच्या दोन फेऱ्यांना त्यानं भाड्याची पिकअप सांगितली आहे.